व्यापारवाटांचे दालन बंद करू नका : आमच्या संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
आमच्या गावचे वस्तुसंग्रहालय

विषय : 'मध्ययुगीन व्यापारवाटा' हे दालन कायमचे बंद करण्याच्या निर्णयाबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेली चोवीस वर्षे मी या गावातल्या माध्यमिक शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवते आहे आणि दर वर्षी पावसाळा सरला की आठवीच्या मुलांना घेऊन आपल्या संग्रहालयात येते. यंदा आम्ही आलो तेव्हा तळमजल्यावरच्या 'मध्ययुगीन व्यापारवाटा' या दालनाला कुलूप होते. दारावरच्या सूचनेत लिहिले होते की दालन कायमचे बंद करण्यात येत असून त्यातील वस्तू भांडारात हलवल्या जातील, अर्धी जागा समारंभांसाठी भाड्याने द्यायच्या सभागृहाला जाईल आणि उरलेल्या अर्ध्या जागेत 'सागरी शोधांचे युग' हे नवे दालन उभे राहील. शेजारीच नव्या दालनाचा आराखडा लावलेला होता. मुलांना व्हरांड्यात बसवून मी तो शेवटपर्यंत वाचला. त्याची पहिली ओळ 1498 या सालापासून सुरू होते.

त्याच आठवड्यात मी मंडळाला पत्र दिले. अजून उत्तर नाही. हे संग्रहालय गावाच्या वर्गणीतून उभे राहिले आहे, त्यातल्या निम्म्याहून अधिक वस्तू गावकऱ्यांनी आणून दिलेल्या आहेत, आणि म्हणून जे आपल्याला खाजगी पत्रात लिहिले तेच आता सर्वांसमोर लिहिते आहे. माझा कोणाही विश्वस्तावर व्यक्तिशः राग नाही. आपल्यापैकी काहींनी या वास्तूसाठी पदरमोड केलेली मी पाहिली आहे. परंतु हा निर्णय चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे मला सविस्तर सांगायचे आहे.

आधी त्या दालनाविषयी. तिथे डोळे दिपवणारे काही नव्हते. पहिल्या पेटीत खाडीच्या काठावर, पावसाने दरड ढासळली की उघडी पडणारी खापरे होती : पश्चिम आशियातून आलेल्या निळसर हिरव्या झिलईच्या रांजणांचे तुकडे आणि चिनी मातीच्या पांढऱ्या भांड्यांच्या कडा. दुसऱ्या पेटीत काचेचे आणि अकिकाचे मणी होते. तिसऱ्या पेटीत काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून केलेली गलबताची लहान प्रतिकृती होती, कारण अरबी समुद्रातली बहुतेक जुनी तारवे लोखंडी खिळ्यांनी ठोकलेली नव्हती, ती शिवलेली असत. आणि समोरच्या संपूर्ण भिंतीवर हाताने रंगवलेला नकाशा होता. त्यात एकाही राज्याची सीमा नव्हती. होती ती फक्त बंदरे, वाळवंटातले थांबे, नद्या आणि वारे. नैर्ऋत्येचे वारे निळ्या बाणांनी आणि ईशान्येचे तांबड्या बाणांनी दाखवलेले. डाव्या टोकाला टिंबक्टू, वर व्हेनिस आणि स्वीडनचा किनारा, मध्यभागी कैरो, एडन, सिराफ, किल्वा, चौल, ठाणे, खंबायत, मंगळूर, आणि उजव्या टोकाला चीनचे च्वान्चौ बंदर.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा त्या नकाशासमोर बराच वेळ उभा होता. त्याचे वडील नाखवा. वर्गात तो कधी हात वर करत नसे. बाणांवरून बोट फिरवत त्याने मला विचारले, "बाई, आफ्रिकेकडची तारवे नारळी पौर्णिमेला तिकडून निघायची की इथे पोचायची?" प्रश्न अचूक होता. एडन आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघणारे व्यापारी पावसाळ्याचा जोर ओसरण्याची वाट पाहत आणि नैर्ऋत्येच्या उतरत्या वाऱ्यावर भाद्रपदाच्या सुमारास आपल्या किनाऱ्याला लागत. परतीसाठी त्यांना ईशान्येचा वारा धरेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या पुढेपर्यंत, इथे थांबावे लागे. त्या थांबण्यातूनच बंदरांत वखारी उभ्या राहिल्या, लग्ने झाली, भाषा मिसळल्या. 'मोसम' हा शब्द अरबीतून आला, 'बंदर' फारसीतून आला आणि त्या मुलाच्या वडिलांची 'नाखवा' ही ओळख फारसी 'नाखुदा'पासून, म्हणजे जहाजाच्या धन्यापासून आली. पाठ्यपुस्तकाच्या पानावरून हे मी त्याला शिकवू शकले नसते. भिंतीने शिकवले.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार 1498 या आरंभाविषयी आहे. आराखड्यात लिहिले आहे की वास्को द गामाने भारताचा सागरी मार्ग शोधला आणि त्यामुळे हा किनारा जगाच्या व्यापाराशी जोडला गेला. युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून येणारा मार्ग त्याने पूर्ण केला, हे खरे आहे आणि त्याचे महत्त्व मी मुलांना दर वर्षी शिकवते. परंतु आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालिंदीला पोचल्यावर त्याला पुढचा समुद्र माहीत नव्हता. तिथल्या राजाने दिलेल्या वाटाड्याने त्याची जहाजे अरबी समुद्र ओलांडून मे 1498 मध्ये कालिकतला आणली. त्याच्या ताफ्यातला जो माणूस सर्वांत आधी कालिकतच्या किनाऱ्यावर उतरवला गेला, त्याची तिथे गाठ पडली ती ट्युनिसच्या दोन व्यापाऱ्यांशी, आणि त्यांना स्पॅनिश आणि जिनोआची बोली बोलता येत होती. भूमध्य समुद्राच्या काठची माणसे त्याच्या आधीच तिथे येऊन बसली होती. ही नोंद खुद्द त्या सफरीतल्या पोर्तुगीज रोजनिशीत आहे. परतताना वाटाड्या नव्हता आणि वाऱ्याचा मोसमही उलटा होता, तेव्हा त्याच समुद्राने त्यांना सुमारे तीन महिने अडवले आणि कितीतरी खलाशी रोगाने दगावले. मार्ग कोणाला माहीत होता आणि कोणाला नव्हता, हे याहून वेगळे सांगायला नको.

आणि आपल्याच किनाऱ्याचे पुरावे पाहा. इ.स. 916 च्या सुमारास बगदादचा अल मसुदी हा प्रवासी चौलला आला होता. अरब लेखक चौलला 'सैमूर' म्हणत. तिथे शिलाहार राजा झंझ याची सत्ता असल्याचे आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेल्या आणि इथेच जन्मलेल्या मुसलमानांची दहा हजारांची वस्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला शके 848 चा, म्हणजे इ.स. 926 चा ताम्रपट त्याहून बोलका आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळच्या या ताम्रपटात संयान मंडळाचा, म्हणजे आजच्या संजाण परिसराचा, कारभार पाहणारा अधिकारी 'ताजिक' म्हणजे अरब आहे. त्याचे नाव संस्कृतात 'मधुमती' असे लिहिले आहे. अभ्यासक त्यामागे 'मुहम्मद' हे नाव पाहतात. या अधिकाऱ्याने दोन ओढ्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातले आणि त्यात साळीचा भात, कालवण आणि तूप मोफत वाढण्याची सोय केली. देवीच्या मठिकेला जमीन देण्याचा व्यवहारही त्याच्याच संमतीने झाला. या ताम्रपटाचे छायाचित्र आपल्या दालनात दारालगत लावलेले होते. त्यातला तूपभाताचा उल्लेख वाचून मुले नेहमी हसत आणि मग ती ओळ पुन्हा वाचत. हजार वर्षांपूर्वीचा अरब अधिकारी त्यांना त्या एका ओळीत माणूस म्हणून भेटत असे. नव्या आराखड्यात हे छायाचित्र नाही.

सिंधुदुर्गातल्या खारेपाटणचा इ.स. 1008 चा ताम्रपट आहे. शिलाहार रट्टराजाने परद्वीपांहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याणक शिवमंदिराला लावून दिल्याचे त्यात नोंदले आहे. ज्या काळी देवळाचा खर्च परदेशी गलबतांच्या जकातीवर चालत होता, तो काळ 'जगाशी जोडला जाण्यापूर्वीचा' कसा म्हणता येईल? वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षे आधी अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला, पालीवरून जुन्नरला गेला, पावसाळाभर तिथल्या चिखलात अडकून पडला, आणि जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा जप्त करून 'धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा देतो' असे सांगितल्यावर मोठ्या मिनतवारीने तो सोडवून पुढे बिदरला गेला. इथे घोड्यांना वाटाणे आणि शिजवलेली खिचडी चारतात, हे त्याने आपल्या रशियन टिपणांत 'खिचडी' हा शब्द तसाच ठेवून लिहिले आहे. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला अरबस्तान आणि इराणचे घोडे किती हवे असत आणि त्यासाठी चौल, दाभोळ ही बंदरे किती मोलाची होती, हे या एका घोड्याच्या गोष्टीतून मुलांना पटकन कळते.

दुसरी तक्रार आफ्रिकेविषयी आहे, आणि ती मांडताना मला खरोखर वाईट वाटते. जुन्या नकाशावर आफ्रिकेत सतरा ठिकाणे लिहिलेली होती. मुलांनी मोजली आहेत. नव्या नकाशात लिस्बनहून कालिकतपर्यंत जाणारी एकच जाड रेषा आहे आणि आफ्रिका म्हणजे त्या रेषेने वळसा घालायचा एक कोरा आकार. मालिंदीचे नाव आहे, तेही रेषेवरचा थांबा म्हणून.

ज्या मणी, खापरांवर हे दालन उभे होते ती आफ्रिकेशिवाय समजतच नाहीत. आजच्या टांझानियातल्या किल्वा बेटावर चौदाव्या शतकाच्या आरंभी हुसुनी कुब्वा हा भव्य राजवाडा होता. 1331 मध्ये तिथे गेलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने किल्व्याला अतिशय सुंदर आणि उत्तम बांधलेल्या शहरांत गणले. किल्व्याच्या सुलतानाच्या नावाचे नाणे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी अवशेषांत सापडले आहे. आतल्या पठारावरचे सोने सोफाळ्याच्या किनाऱ्याला येत असे आणि तिथून किल्व्याला. उलट दिशेने कापड, चिनी भांडी आणि आपल्याकडचे मणी आत जात असत. लिंपोपो नदीकाठच्या मापुंगुब्वे इथल्या तेराव्या शतकातल्या दफनांत सोन्याचा छोटा गेंडा मिळाला, आणि त्याच टेकडीवर हिंदी महासागराच्या वाटेने आलेले काचेचे मणीही मिळाले. चौलच्या काचेची आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या काही मण्यांच्या काचेची रासायनिक घडण जुळते, हे प्रयोगशाळेत तपासले गेले आहे. मुंबईपासून वसईपर्यंत आणि खाली कोकणातही जिथे जिथे जुनी गोरखचिंच उभी आहे, तिचे मूळ आफ्रिकेत आहे. आपल्या संग्रहालयाच्या अंगणातली गोरखचिंचसुद्धा तिकडचीच, आणि तिचा बुंधा आमच्या सहा मुलांच्या हातांत मावत नाही. त्या झाडाखाली उभे राहून आफ्रिकेचा कोरा नकाशा मुलांना दाखवणे मला जमणार नाही.

पश्चिम आफ्रिकेचा धागा तर थेट आपल्या घरातल्या डब्यापर्यंत येतो. 1324 मध्ये मालीचा राजा मनसा मुसा हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने तिथे इतके सोने वाटले की सोन्याचा भाव उतरला. एका मिस्कालला (सोन्याचे एक वजन) 25 दिरहमांहून, म्हणजे चांदीच्या नाण्यांहून, कमी कधी मिळत नसत, ते 22 वर आणि त्याखाली आले आणि बारा वर्षांनंतरही भाव सावरला नाही, असे अल उमरी या अरब लेखकाने लिहिले आहे. हे सोने उंटांच्या तांड्यांवरून सहारा ओलांडून उत्तरेला जात असे आणि बदल्यात दक्षिणेला मीठ येत असे. मालीत सोने होते, मीठ नव्हते. हेच सोने भूमध्य समुद्रापलीकडच्या टांकसाळींतही पोचत होते. फ्लॉरेन्सने 1252 मध्ये आणि व्हेनिसने 1284 मध्ये सोन्याची नाणी पाडायला सुरुवात केली, त्यामागे सहाराच्या वाटेने येणाऱ्या सोन्याचा मोठा वाटा होता. व्हेनिसची ती डुकाट नाणी मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात अलेक्झांड्रियाला आणि तिथून पुढे आपल्याकडे आली, आणि त्यांवरच्या उभ्या मूर्तीमुळे मराठीत त्यांना 'पुतळी' हे नाव पडले. माझ्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्या अर्थातच पुढच्या काळातल्या, सोनाराने घडवलेल्या होत्या. तरी दर वर्षी त्यातली एक पुतळी मी वर्गात घेऊन जाते, फळ्यावर माली, कैरो, व्हेनिस, अलेक्झांड्रिया, एडन, चौल अशी नावे ओळीने लिहिते आणि मुलांना सांगते की हे नाव एवढे चालून आपल्या गळ्यात आले आहे. पुढच्याच आठवड्यात तो मार्ग भिंतीवर बोटाने चालता यावा म्हणून आम्ही आपल्याकडे येत असू.

या वाटांवर आरंभापासून शेवटपर्यंत सहसा कोणी जात नसे, माल मात्र जात असे, हे मुलांना समजायला सर्वांत कठीण जाते. त्यासाठी मी इब्न बतूताच्या प्रवासातली एक गोष्ट सांगते. चीनच्या फूचौ शहरात त्याला आपल्या मोरोक्कोकडचा, सेउटा गावचा एक व्यापारी भेटला. पुढे काही वर्षांनी सहाराच्या उत्तर तोंडावरच्या सिजिल्मासा इथे तो एका गृहस्थाच्या घरी उतरला आणि तो त्याच व्यापाऱ्याचा सख्खा भाऊ निघाला. दोघे भाऊ किती दूर जाऊन पडले, असे इब्न बतूताने हळहळून लिहिले. हाच माणूस चीनला जाण्यापूर्वी दौलताबादला आणि नंदुरबारला येऊन गेला आणि नंदुरबारच्या मराठ्यांच्या कारागिरीची, वैद्यकाची आणि ज्योतिषाची त्याने वाखाणणी केली. फूचौ, नंदुरबार, सिजिल्मासा ही तिन्ही नावे जुन्या नकाशावर होती.

तिसरी तक्रार वस्तूंच्या हाताळणीची. कुलूप लागण्यापूर्वीच्या शेवटच्या भेटीत मी पाहिले की मण्यांच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून सगळे मणी एका काचेच्या वाडग्यात ओतले आहेत आणि वर 'विविध मणी' एवढेच लिहिले आहे. कोणता मणी खाडीच्या कोणत्या काठाला, कोणत्या थरात, कोणत्या खापराबरोबर मिळाला, ही नोंद हरवली की मणी शोभेचा उरतो. ज्या निवृत्त गुरुजींनी तीस वर्षे पहिल्या पावसानंतर काठाकाठाने फिरून, कोळणींकडून आणि गुराख्यांकडून विचारून या नोंदी केल्या, त्यांच्या हस्ताक्षरातल्या त्या चिठ्ठ्या होत्या. त्या आज कुठे आहेत, हे विचारण्याचा या गावाला हक्क आहे. चिठ्ठीच्या एका तुकड्याचे मोल काय असते ते जुन्या कैरोने, म्हणजे फुस्तातने, दाखवून दिले आहे. तिथल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, देवाचे नाव असू शकेल म्हणून लिहिलेला कागद नष्ट न करता एका खोलीत टाकून ठेवण्याची रीत होती. त्या खोलीतून सुमारे 1,93,000 तुकडे 1896-97 मध्ये केंब्रिजला गेले आणि त्यांत एडन-मंगळूर व्यापाराची पत्रे निघाली. त्यांतूनच आपल्याला अब्राहम बेन यिजू कळला. ट्युनिशियाच्या महदियाचा हा ज्यू व्यापारी 1132 ते 1149 च्या दरम्यान मुख्यतः मंगळूरला राहिला, तिथे त्याने कांस्याची भांडी घडवण्याचा कारखाना चालवला, एडनहून मोडीची तांब्याची भांडी नव्याने घडवायला मागवली, आणि उलट मिरी, सुपारी आणि लोखंड पाठवले. त्याला एडनचे मित्र कागद, साखर, मनुका भेट धाडत. मोडीच्या भांड्यांचा हिशेब कोणीतरी फेकून दिला नाही, म्हणून आज बाराव्या शतकातला मंगळूरचा बाजार आपल्याला दिसतो.

चौथी तक्रार एका शब्दाची आहे. नव्या आराखड्यात आफ्रिकेच्या नावापुढे निर्यातीची यादी आहे : 'हस्तिदंत, कासवाची पाठ, गुलाम'. माणसांना हस्तिदंताच्या ओळीत बसवून पुढे जाता येणार नाही. या व्यापाराची ही काळी बाजू जुन्या दालनानेही पुरेशी दाखवलेली नव्हती, हे मी मान्य करते, आणि म्हणूनच नव्या दालनाने ती नीट सांगावी असे म्हणते. सहारातल्या तगाझाला इब्न बतूताने मिठाच्या विटांची घरे आणि मशीद पाहिली, वर उंटाच्या कातड्यांचे छप्पर. एकही झाड नाही, आणि तिथे राहून मीठ खणणारे सगळे गुलाम. बेन यिजूने मंगळूरला आशू नावाच्या दासीला मुक्त करून तिच्याशी संसार केला, आणि बोम्मा नावाचा त्याचा गुलामच त्याचा विश्वासू मुनीम होऊन एडनला व्यवहार करायला जात असे. सोळाव्या शतकात इथिओपियात जन्मलेला आणि लहानपणीच विकला गेलेला एक मुलगा बगदादच्या वाटेने अहमदनगरला पोचला, निजामशाहीचा मलिक अंबर झाला, खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे शहर वसवले आणि तिथे पाण्याची नहर आणली. आमची मुले तिथल्या सहलीत ती पाहतात. या प्रत्येकाला नाव होते. नावे ठाऊक असताना ती यादीत बुडवणे अन्यायाचे आहे.

पाचवी गोष्ट थोडक्यात. नव्या फलकांचा मजकूर फक्त इंग्रजीत आहे. इथे येणारी निम्मी मुले मराठी शाळांतली आहेत आणि त्यांचे आईवडील मराठीच वाचतात. सभागृहाच्या भाड्याची मंडळाला गरज असेल, तर पहिल्या मजल्यावरची मोठी खोली दोन वर्षे रिकामी आहे. ती वापरावी, याला कोणाचाच विरोध असणार नाही.

आता मागण्या. दालन बंद करण्याचा निर्णय मागे घ्यावा, आणि दुरुस्तीसाठी काही काळ बंद ठेवणे आवश्यक असेल तर पुन्हा उघडण्याची तारीख लेखी जाहीर करावी. भिंतीवरच्या नकाशावर रंग मारू नये. तो फिकट झाला असेल तर जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यावा, आणि त्यात आफ्रिकेतली सतराच्या सतरा ठिकाणे राहावीत. पोर्तुगीजांच्या आगमनाचा भाग जरूर दाखवावा, परंतु तो या दालनाच्या शेवटच्या भिंतीवर, त्याच्या काळाच्या जागी, मालिंदीच्या वाटाड्यासह आणि कालिकतला भेटलेल्या ट्युनिसच्या व्यापाऱ्यांसह असावा. मण्यांच्या आणि खापरांच्या चिठ्ठ्या शोधून वस्तूंशी पुन्हा जुळवाव्यात आणि त्याची नोंदवही कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी. या कामाला मी आणि माझे दोन सहकारी दर रविवारी विनामोबदला यायला तयार आहोत. गुलामीवर स्वतंत्र फलक असावा. सर्व मजकूर आधी मराठीत लिहिला जावा. आणि अंतिम आराखडा ठरण्यापूर्वी एक जाहीर बैठक घ्यावी, जिला शिक्षकांबरोबर बंदरावरची नाखवा मंडळीही बोलावली जावीत, कारण वाऱ्यांविषयी त्यांना आपल्या सर्वांपेक्षा अधिक कळते.

ज्या मुलाने मला बाणांविषयी विचारले होते तो आता स्वतः होडीवर जातो. दालन बंद झाल्याचे त्याला माझ्याकडून कळले तेव्हा त्याने एवढेच विचारले की ती शिवलेली होडी कुठे ठेवली आहे, कारण काथ्या फार काळ ओला राहिला तर कुजू शकतो आणि भांडाराच्या खोलीत पावसाचे पाणी येते. कृपया, बाकी सर्व निर्णय व्हायचे तेव्हा होवोत, ती प्रतिकृती या आठवड्यातच कोरड्या जागी हलवावी.

येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता मी यंदाच्या आठवीच्या बेचाळीस मुलांना घेऊन संग्रहालयात येणार आहे. त्या दिवशी दालन तासभर तरी उघडावे आणि मुलांना नकाशासमोर उभे राहू द्यावे, अशी विनंती आहे. मंडळापैकी कोणी त्या वेळी तिथे उपस्थित राहिले तर मुलांना त्यांच्याशी बोलायला आवडेल.

कळावे,
आपली विश्वासू,
गावातल्या माध्यमिक शाळेतील एक इतिहास शिक्षिका